जास्तच बरोबर आलेले उत्तर

संगणकाचा आद्य कल्पक म्हणून आज ओळखला जाणारा चार्ल्स बॅबेज स्वभावाने मोठा फटकळ होता. १८३० साली त्याने इंग्लंडमधल्या विज्ञानाच्या अवनतीवर एक पुस्तक लिहिले आणि त्यात निरीक्षणांच्या बाबतीत होणाऱ्या लबाडीचे चार प्रकार नावानिशी सांगून टाकले. पहिला थट्टेखातर केलेल्या फसवणुकीचा. दुसरा न घेतलेल्या निरीक्षणांची सरळ बनावट करण्याचा. तिसरा कातरकामाचा: जे आकडे सरासरीच्या फार वर गेले असतील त्यांचे शेंडे छाटायचे आणि ते तुकडे फार खाली राहिलेल्या आकड्यांना नेऊन चिकटवायचे. सरासरी तीच राहते, पण निरीक्षकाचा हात मात्र कमालीचा स्थिर वाटू लागतो. चौथ्या प्रकाराला बॅबेजने स्वयंपाक म्हटले आणि त्याची पाककृतीही दिली. निरीक्षणे भरपूर घ्यायची आणि एकमेकांशी जुळतील तेवढीच पानात वाढायची. शंभर निरीक्षणे हाताशी असताना वाढण्याजोगी पंधरा-वीसही ज्या आचाऱ्याला मिळू नयेत, त्याचे नशीबच फुटके, असा बॅबेजचा अभिप्राय होता.

ही पाककृती आजही चालू आहे. महाराष्ट्रात विज्ञान शाखेतून बारावी झालेल्या कोणालाही 'सीबीआर' ही तीन अक्षरे आठवतात. टायट्रेशन तीनदा करायचे, ब्युरेटची तीन रीडिंग तक्त्यात लिहायची आणि त्यातले जुळणारे रीडिंग 'कॉन्स्टंट ब्युरेट रीडिंग' म्हणून खाली मांडायचे. पहिले ९.८ आले, दुसरे १०.१ आले आणि तासाची घंटा जवळ आली, की तिसऱ्या वेळी ब्युरेटकडे बघायची गरज पडत नाही, ते ९.८ असतेच. लंबकाच्या प्रयोगात गुरुत्व त्वरण ९८० च्या आसपास यायला हवे हे आधीच ठाऊक असते. मग काही मुले शेवटच्या ओळीपासून वर चढत जातात: उत्तरावरून आवर्तकाल, आवर्तकालावरून वीस दोलनांचा वेळ, आणि तो वेळ तक्त्यात. 'रीडिंग ॲडजस्ट केलं' हे त्याचे प्रयोगशाळेतले रोजचे नाव. जर्नलवर सही होते आणि सगळे घरी जातात.

जगभरच्या प्रयोगशाळांत या प्रकारावर विनोद पिकले आहेत. त्यातला एक 'फिनेगलचा स्थिरांक': आलेल्या उत्तराला ज्या संख्येने गुणले, भागले, किंवा त्यात जी मिळवली वा वजा केली असता यायला हवे ते उत्तर येते, ती संख्या. दुसरा विषम संख्यांचा. एकपेक्षा मोठी प्रत्येक विषम संख्या मूळ असते हे सिद्ध करायला भौतिकशास्त्रज्ञ बसतो. तीन मूळ, पाच मूळ, सात मूळ. नऊ? ती प्रायोगिक त्रुटी. अकरा मूळ, तेरा मूळ, झाले सिद्ध. तिसरा हिशेबनिसाचा. दोन अधिक दोन किती, असे विचारल्यावर तो उठतो, दार लावून घेतो आणि हळूच विचारतो, "किती करून हवेत?"

हे विनोद रचणारे बहुतेक त्याच धंद्यातले लोक आहेत. मोह कुठे होतो, हात नेमका कुठे घसरतो, हे त्यांना आतून माहीत असते. म्हणून या थट्टेकडे गंभीरपणे पाहायला हवे. आकडा ओढूनताणून जुळवला, की उत्तर आणि वास्तव यांच्यामधली फट बुजते. आणि पुष्कळदा नवा शोध त्या फटीतच बसलेला असतो.

याचे सर्वांत मोठे उदाहरण खुद्द आयझॅक न्यूटनच्या ग्रंथात आहे. 'प्रिन्सिपिया'त न्यूटनने हवेतल्या ध्वनीचा वेग निव्वळ गणिताने काढला. तो आला सेकंदाला ९७९ फूट. इकडे विल्यम डरहॅम या पाद्र्याने दूरच्या तोफांचा उजेड दिसणे आणि आवाज ऐकू येणे यांमधले अंतर मोजून ११४२ फूट हा आकडा दिला होता. दोहोंत १६३ फुटांचा फरक पडत होता आणि इतका फरक मोजणीतली चूक म्हणून सोडून देता येत नव्हता.

१७१३ च्या दुसऱ्या आवृत्तीत न्यूटनने तो भरून काढला. त्याची रीत पायरीपायरीने पाहण्यासारखी आहे. हवेचे कण घन असतात आणि ध्वनी त्यांच्या आरपार क्षणात जातो. त्याला वेळ लागतो तो दोन कणांमधल्या मोकळ्या जागेत, असे त्याने मानले. कणाची जाडी त्या मोकळ्या जागेच्या साधारण नवव्या हिश्शाइतकी धरली, तर ९७९ मध्ये त्याचा नववा भाग, म्हणजे सुमारे १०९, मिळवायचा. झाले १०८८. पुढे हवेत बाष्पही असते. दहा भाग खऱ्या हवेमागे एक भाग बाष्प धरले आणि ते बाष्प कंपनात भाग घेत नाही असे मानले, तर वेग २१ ला २० या प्रमाणात वाढतो. १०८८ ला २१ ने गुणून २० ने भागले, की ११४२ येतात. डरहॅमने मोजलेला आकडा तंतोतंत हाती येतो.

कणांची जाडी नवव्या हिश्शाइतकी का, आणि बाष्प दहाला एक का, याला कोणत्याही प्रयोगाचा आधार नव्हता. रिचर्ड वेस्टफॉल या न्यूटनच्या चरित्रकाराने १९७३ साली 'सायन्स' नियतकालिकात यावर सविस्तर लेख लिहिला, तेव्हा अनेकांना धक्का बसला. खरी गोष्ट पुढे लाप्लास या फ्रेंच गणितज्ञाने दाखवली. ध्वनीच्या लाटेत हवा इतक्या झपाट्याने दाबली जाते की त्यातून निर्माण झालेली उष्णता बाहेर पडायला वेळच मिळत नाही. तापलेली हवा जास्त ताठर होते आणि ध्वनी जोरात धावतो. न्यूटनच्या ९७९ ला हीच दुरुस्ती लावली की आकडा साडेअकराशेच्या पुढे जातो. म्हणजे त्या १६३ फुटांत उष्णता आणि दाब यांच्या नात्याचा एक मोठा धडा दडलेला होता. न्यूटनने ती फट उघडी ठेवली असती, तर लाप्लासच्या आधी शंभर वर्षे कुणीतरी तिच्यात डोकावले असते, असे वाटून खरोखर हळहळ होते.

आता दुसरे उदाहरण. यात फट इतकी बेमालूम बुजवली गेली, की तेवढ्यावरूनच संशय आला.

समान अंतरावर रेघा आखलेल्या कागदावर सुई टाकत राहायचे आणि ती किती वेळा रेघेला छेदते ते मोजायचे. त्यावरून पायची किंमत काढता येते, हे अठराव्या शतकात ब्यूफाँ या फ्रेंच पंडिताने दाखवले. रीत सुंदर आहे, पण अतिशय संथ. हजारो वेळा सुई टाकली तरी दशांशचिन्हापुढचे दोन आकडे धड मिळाले म्हणजे नशीब. १९०१ साली मारिओ लाझारिनी या इटालियन गणितज्ञाने सुई ३४०८ वेळा टाकल्याचे आणि ती १८०८ वेळा रेघेला छेदल्याचे जाहीर केले. त्यावरून पाय निघाला ३.१४१५९२९. पहिली सहा दशांशस्थळे अचूक.

कागद-पेन्सिल घेऊन बसले की यातली गंमत उलगडते. सुई अडीच सेंटिमीटरची आणि रेघांमधले अंतर तीन सेंटिमीटर, म्हणून सूत्र होते: पाच तृतीयांश गुणिले एकूण फेक, भागिले छेद. ३४०८ म्हणजे २१३ गुणिले १६, आणि १८०८ म्हणजे ११३ गुणिले १६. किमती घातल्या की अपूर्णांक सुटत सुटत ३५५ भागिले ११३ वर येऊन थांबतो. पायची ही अत्यंत जवळची किंमत चीनमधल्या झू चोंगझी याने पाचव्या शतकातच दिली होती. म्हणजे सुईची लांबी अशी निवडली गेली होती, की २१३ च्या पटीत फेकी कराव्यात आणि छेद ११३ च्या पटीत आले की तिथेच थांबावे. छेद १८०८ ऐवजी १८०९ झाले असते, तर उत्तर ३.१३९९ आले असते. १८०७ झाले असते, तर ३.१४३३. एका छेदाने तिसरे दशांशस्थळच कोसळते. आणि एवढ्या फेकींत छेदांची संख्या अपेक्षेपेक्षा तीसेकने इकडेतिकडे होणे ही अगदी सामान्य गोष्ट. लाझारिनीने कितीदा सुई टाकली, की टाकलीच नाही, की वाचकांची परीक्षा पाहण्यासाठी त्याने हे सगळे मुद्दाम रचले, यावर गणितज्ञ विसाव्या शतकात पुष्कळ बोलले आहेत.

पायच्या बाबतीत प्रामाणिकपणाचा नमुना हवा असेल, तर तो आपल्याकडच्या भास्कराचार्यांकडे आहे. 'लीलावती'त भास्कराचार्य वर्तुळाच्या परिघासाठी दोन किमती देतात: ३९२७ भागिले १२५० ही सूक्ष्म, आणि २२ भागिले ७ ही स्थूल, व्यवहाराला पुरेशी. कोणती किंमत किती विश्वासाची हे ते त्याच श्लोकात सांगून मोकळे होतात. आकडा देताना त्याची योग्यताही सांगायची, ही शिस्त बाराव्या शतकातली आहे आणि तिचा अभिमान वाटावा अशी आहे.

विसाव्या शतकात आकडे जुळवण्याची नशा चढली ती आर्थर एडिंग्टन यांच्यासारख्या असामान्य माणसाला. १९१९ च्या खग्रास सूर्यग्रहणाच्या वेळी आइनस्टाइनच्या सिद्धान्ताची परीक्षा घेणारे ते हेच. अणूंच्या अभ्यासात एक परिमाणरहित संख्या वारंवार येते, तिला सूक्ष्मरचना स्थिरांक म्हणतात. तिचा व्यस्तांक बरोबर १३६ असला पाहिजे, असे एडिंग्टन यांनी शुद्ध तर्काने सिद्ध केल्याचे १९२९ साली जाहीर केले. प्रयोग १३७ च्या जवळ जाऊ लागले, तेव्हा त्यांनी तर्कात एक मिळवला आणि १३७ ही सिद्ध केले. त्यावर कुणीतरी त्यांचे बारसे केले: सर आर्थर ॲडिंग-वन, म्हणजे एक मिळवणारे सर आर्थर. आजची मोजलेली किंमत १३७.०३६ आहे, पूर्णांक नाहीच. पण एडिंग्टन थांबले नाहीत. विश्वात प्रोटॉन किती, याचेही ८० अंकी उत्तर त्यांनी शेवटच्या अंकापर्यंत लिहून दिले: १३६ गुणिले २ चा २५६ वा घात.

त्या वेळी केंब्रिजमध्ये तीन तरुण संशोधक होते: गिडो बेक, हान्स बेथे आणि वोल्फगांग रीत्सलर. त्यांनी एक टिपण लिहून बर्लिनच्या 'नाटूरविसेनशाफ्टन' या प्रतिष्ठित साप्ताहिकाकडे पाठवले आणि जानेवारी १९३१ मध्ये ते छापूनही आले. विषय होता निरपेक्ष शून्य तापमानाचा पुंजवाद. एडिंग्टन यांच्या मते प्रत्येक इलेक्ट्रॉनला १३७ मुक्तिमात्रा, म्हणजे हालचालीच्या स्वतंत्र वाटा, असतात. प्रोटॉनलाही तेवढ्याच धरायच्या. तापमान शून्यावर आणायचे तर या सगळ्या गोठवायच्या, फक्त कक्षेतल्या गतीसाठी एक शिल्लक ठेवायची. दोन गुणिले १३७, वजा एक, म्हणजे २७३. म्हणून निरपेक्ष शून्य उणे २७३ अंश. सिद्ध!

यातला डंख लक्षात येण्यासाठी थोडे थांबावे लागते. उणे २७३ हा आकडा निसर्गाचा नाहीच. पाणी जिथे गोठते ते शून्य आणि जिथे उकळते ते शंभर, असे माणसाने ठरवले म्हणून तो २७३ आहे. फॅरनहाइटच्या मापाने तेच तापमान उणे ४५९.६७ भरते. म्हणजे या तिघांनी माणसाने आखलेली मोजपट्टी विश्वाच्या मूलतत्त्वातून 'सिद्ध' करून दाखवली होती, आणि संपादकांच्या ते ध्यानात आले नाही. संपादक आर्नोल्ड बर्लिनर संतापले. मार्चमध्ये खुलासा छापावा लागला: टिपण गंभीरपणे लिहिलेले नव्हते, केवळ आकड्यांच्या फसव्या जुळणीवर उभ्या असलेल्या अलीकडच्या लेखांचा तो नमुना होता. बेथे तेव्हा चोविशीत होते. पुढे ताऱ्यांमध्ये ऊर्जा कशी तयार होते याच्या संशोधनासाठी त्यांना १९६७ साली नोबेल मिळाले. त्या एका पानाच्या चेष्टेने जे काम केले, ते दहा टीकालेखांनी झाले नसते.

वाटाण्यांची गोष्टही याच वळणाची. ग्रेगोर मेंडेलने १८६६ साली आनुवंशिकतेचे नियम मांडले, तेव्हा ७३२४ बियांत ५४७४ गोल आणि १८५० सुरकुतलेल्या निघाल्याचे लिहिले. म्हणजे जवळजवळ तीनास एक. १९३६ मध्ये रोनाल्ड फिशर या संख्याशास्त्रज्ञाने सगळे प्रयोग एकत्र तपासले. असा चपखल मेळ निव्वळ योगायोगाने बसण्याची शक्यता त्याला लाखात सातच्या आसपास दिसली. त्यातली एक गाठ फार रंजक आहे. एका प्रयोगात मेंडेल प्रत्येक झाडाच्या दहा बिया लावून ते झाड शुद्ध की मिश्र हे ठरवत असे. पण मिश्र झाडाच्या दहाही बिया योगायोगाने प्रबळ गुण दाखवू शकतात. असे शंभरातल्या पाचसहा झाडांबाबत घडतेच. म्हणून ६०० झाडांत सुमारे २२२ 'शुद्ध' दिसायला हवी होती. मेंडेलकडे होती २०१. सिद्धान्ताप्रमाणे हवी २००. म्हणजे निरीक्षणे जिथे चुकायलाच हवी होती, तिथेही ती चुकली नाहीत. फिशरने मेंडेलला दोष दिला नाही. साहेबांना काय हवे हे ओळखणाऱ्या एखाद्या मदतनिसाचे हे काम असावे, असा त्याचा अंदाज होता. वाद अजून चालू आहे. नियम मात्र खरे ठरले, आणि ही बाब विसरता कामा नये.

१९७२ साली बागायतशास्त्राच्या एका अमेरिकी नियतकालिकात यावर बायबलच्या थाटात विडंबन आले. त्यातला मेंडेल वाटाणे मोजतो: ४५० गोल आणि १०२ सुरकुतलेले. हे काही बरे नव्हे, नियम तर तीनास एक सांगतो! कोणा वैऱ्याने रात्रीतून बागेत खोटे वाटाणे पेरले, असे म्हणून तो मेजावर मूठ आपटतो आणि पापी वाटाण्यांना बाहेरच्या अंधारात उंदरांच्या हवाली करतो. मग उरतात ३०० गोल आणि १०० सुरकुतलेले. ते मात्र फारच बरे असते, आणि मेंडेल ते छापतो.

अशीच निवड भौतिकशास्त्रातही झाली. रॉबर्ट मिलिकन या भौतिकशास्त्रज्ञाने इलेक्ट्रॉनचा विद्युतभार मोजताना ५८ तेलथेंबांचे निकाल १९१३ मध्ये छापले आणि साठ दिवसांतले सगळे थेंब यात आले आहेत असे लिहिले. पुढे त्याच्या वह्या उघडल्यावर त्यापेक्षा कितीतरी जास्त थेंब सापडले. काहींपुढे 'सुंदर, हे छापायचेच' अशा अर्थाचे शेरे होते. वगळलेले थेंब धरूनही उत्तर फारसे हलत नाही, हे त्याच्या बाजूने सांगायलाच हवे. पण पुढचा भाग जास्त बोलका आहे, आणि तो भौतिकशास्त्रज्ञ रिचर्ड फाइनमनने १९७४ साली कॅलटेकच्या पदवीदान समारंभात विद्यार्थ्यांना सांगितला. मिलिकनने हवेच्या चिकटपणाची किंमत थोडी चुकीची वापरल्यामुळे त्याचा आकडा किंचित कमी होता. नंतर ज्यांनी मोजले, त्यांचे आकडे एकदम खऱ्या किमतीवर उडी मारून गेले नाहीत. ते थोडेथोडे वर सरकत गेले. मिलिकनपेक्षा फार वेगळे उत्तर आले की माणूस चूक शोधत बसे. जवळचे आले की इतके खोदत नसे.

जुळवाजुळवीचे किस्सेही तपासून घ्यावे लागतात. हिमालयातल्या पंधराव्या क्रमांकाच्या शिखराची, म्हणजे एव्हरेस्टची, उंची बरोबर २९,००० फूट आली. पण एवढा गोल आकडा पाहून लोक त्याला अंदाज समजतील, म्हणून भारतीय सर्वेक्षण खात्याचा प्रमुख अँड्र्यू वॉ याने दोन फूट वाढवून २९,००२ जाहीर केले, अशी कथा जगभर सांगतात. एव्हरेस्टवर दोन 'फीट' (म्हणजे फूटही आणि पायही) ठेवणारा पहिला माणूस वॉच, अशी इंग्रजी कोटीही त्यावर झाली. पण खात्याच्या नोंदींत तराईतल्या सहा ठिकाणांहून काढलेल्या उंची आहेत: २८,९९१.६, २९,००५.३, २९,००१.८, २८,९९८.६, २९,०२६.१ आणि २८,९९०.४. बेरीज करून सहाने भागले तर सरासरी २९,००२.३ येते. वरून काही घालायची गरजच नव्हती. मलेरियाच्या प्रदेशात निरीक्षणे घेणारे सर्वेक्षक आणि राधानाथ सिकदारांसारखे गणनाकार यांच्यावर त्या चुरचुरीत कथेने अन्याय केला आहे. १९५४ च्या मोजणीत उंची २९,०२८ फूट ठरली, म्हणजे शतकभरापूर्वीचा आकडा केवळ २६ फुटांनी चुकला होता.

आता आकडे संगणक जुळवतो, आणि विनोदही तिथवर पोचला आहे. क्रेग बेनेट आणि सहकाऱ्यांनी एक मेलेला सॅमन मासा एमआरआय यंत्रात ठेवला, त्याला माणसांची छायाचित्रे दाखवली आणि त्यातल्या माणसांच्या मनात काय चालले असेल असे विचारले. मेंदूच्या हजारो बिंदूंची तपासणी स्वतंत्रपणे, कोणतीही दुरुस्ती न करता केल्यावर, मेलेल्या माशाच्या मेंदूत 'हालचाल' दिसली. इतक्या वेळा नशीब आजमावल्यावर काहीतरी उजळणारच. योग्य दुरुस्ती लावताच ते दिवे विझले. २०१२ चे इग नोबेल या कामाला मिळाले.

या पुरस्काराच्या आधी, २०११ मध्ये, जोसेफ सिमन्स, लीफ नेल्सन आणि उरी सिमनसन या तिघांनी एका प्रयोगातून वीस विद्यार्थ्यांबाबत दाखवले, की बीटल्सचे 'व्हेन आय'म सिक्स्टी-फोर' ऐकल्याने माणूस सुमारे दीड वर्षाने तरुण होतो. वाटतो असे नव्हे, जन्मतारखेप्रमाणे होतो. संख्याशास्त्राच्या प्रचलित नियमांत हा निष्कर्ष बसत होता, आणि एकही आकडा बनावट नव्हता. लेखात पुढे त्यांनी तोच वृत्तान्त पुन्हा छापला, आणि पहिल्या वेळी गाळलेला प्रत्येक तपशील ठळक अक्षरांत दिला. विद्यार्थी वीस नव्हते, चौतीस होते. गाणी दोन नव्हती, तीन होती. किती जणांवर थांबायचे हे आधी ठरलेले नव्हते. दर दहाएक विद्यार्थ्यांनंतर उत्तर काढून पाहिले जात होते. मुलांना आईचे वय, वडिलांचे वय, राजकीय कल, शंभराचे वर्गमूळ, असे बरेच काही विचारले होते. त्यातले वडिलांचे वय तेवढे हिशेबात घेतले होते. ते काढून टाकले, की दोन गटांच्या वयांत म्हणण्यासारखा फरक उरत नव्हता.